ट्रकमधून मुलगी पाहायला

ट्रकचं इंजिन सुरू होत नसेल तर त्याला शिव्या देऊन ते सुरू होत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. सकाळी आठपासून दुपारी एक वाजेपर्यंत झाडीबोली, हिंदी आणि थोडीशी छत्तीसगढी अशा तीन भाषांतून मी स्वतः करून पाहिलेलं आहे. (छत्तीसगढी शिवी तोंडात फार छान बसते, पण इंजिनावर परिणाम शून्य!)

त्या दिवसाचा राग मला आजही येतो. हे लिहितानासुद्धा येतोय! बायको म्हणते, "झालं गेलं ते. आता कायले डोक्सं तापवून रायले?" हिला काय जातंय म्हणायला! त्या दिवशी हिनंच सगळ्यात जास्त मजा पाहिली.

गोष्ट माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची आहे. भोजराज त्याचं नाव. वय तेहतीस, व्यसन नाही, कामाला कधी नाही म्हणणार नाही. पण आजकाल मुलीवाल्यांना विचारा, पहिला प्रश्न एकच, "नोकरी कुठं आहे?" भोजराजला नोकरी नाही. त्याच्याजवळ आमची सामायिक धानाची शेती आणि एक सहाचाकी ट्रक आहे. तिसऱ्या हातचा. त्यात गावचं धान भरून तो गोंदियाच्या राईस मिलमध्ये नेऊन टाकतो. कष्टानं उभा केलेला धंदा आहे, पण चौदा ठिकाणांहून नकार आला होता. चौदाव्या नकारानंतर तो दोन दिवस जेवला नाही. बोललाही नाही, पण त्याचं आम्हाला विशेष वाटलं नाही, कारण भोजराज एरवीही दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो. घरातल्या उरलेल्या वाक्यांची जबाबदारी माझ्यावर असते.

पंधरावं स्थळ मामानं आणलं. देवरीच्या अलीकडचं गाव, मुलगी शिकलेली, नाव प्रणाली. आणि काय नवल! मुलीनं स्वतः निरोप पाठवला होता की नोकरी नसली तरी चालेल, पण ट्रक खरंच मुलाचा आहे का ते पाहायचं आहे.

"मंग ट्रकच घेऊन जाऊ ना!" मामा म्हणाला. "दाखवून देऊ! पण बारा वाजाच्या आत पोचा लागते. दुपारून त्यायच्याकडे दुसरं स्थळ येऊन रायलं. पोट्टा तलाठी आहे."

तलाठी! म्हणजे तो उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत आपलं बोलणं उरकलं पाहिजे. भोजराजनं मामाच्या पायाला हात लावला. मी ठरवलं, या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही. ट्रक तयार करायचं काम मी स्वतःकडे घेतलं. (इथंच मला कुणी खांबाला बांधून ठेवायला हवं होतं.)

चार दिवस मी राबलो. निळा रंग दिला, आरशांना गोंडे बांधले, केबिनमध्ये बायकोच्या लग्नातल्या साडीचा पडदा लावला. (तिला विचारलं नव्हतं. तो विषय वेगळा आहे आणि अजून चालू आहे.) डिझेलची टाकी काठोकाठ भरून आणली. आणि पाहतो तर काय, वळणावर टाकीच्या झाकणातून डिझेल उडून माझ्या नव्याकोऱ्या निळ्या रंगावरून ओघळ खाली आलेला! झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं. त्यातून गळत होतं.

आता आम्ही पडलो कोहळी. आमच्या वाडवडलांनी तलाव बांधले आणि पिढ्यान् पिढ्या राखले. तलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, पाणी पाझरताना दिसलं की आमचा माणूस भरल्या ताटावरून उठून जातो. गळती बंद करणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही! मी बाभळीची बारीक खुंटी तासली, तिला तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळली. आजोबा तलावाचं पाणी सोडायचं भोक असंच बंद करायचे. खुंटी भोकात घातली, वरून तीन ठोके हाणले, उरलेलं टोक कापलं आणि त्यावर निळा रंग फिरवला. झाकणाच्या खाली नवं रबरही बसवलं. मग ट्रक गावाभोवती फिरवून आणला. थेंब नाही!

भोजराजला दाखवलं. तो बराच वेळ झाकणाकडे पाहत राहिला.

"भाऊ, ते भोक कंपनीनं देल्लं होतं. त्याचं काही काम असन."

"कंपनीवाल्याले का समजते गळती? तो आपल्या पाळीवर रायला होता का कधी?"

भोजराज आत निघून गेला. त्याचं हेच चुकतं! माणसानं आपल्या म्हणण्यावर ठाम राहावं की नाही?

ठरल्या दिवशी आठ वाजता निघालो. केबिनमध्ये पाच जण. भोजराज चालवायला, शेजारी मामा, मग मी, माझी बायको शकुन आणि खिडकीपाशी आमची माय, मांडीवर शिदोरीचा डबा घेऊन. नवेगावबांध मागं पडलं, जंगलाचा रस्ता लागला, सकाळची थंड हवा होती. मामानं मुलीच्या बापाशी काय बोलायचं याची मला तालीम द्यायला सुरुवात केली. "तू जास्त बोलू नोको रामदास," हे त्यातलं पहिलं वाक्य होतं. मी त्यावर उत्तर देणार, तेवढ्यात इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं.

भोजराजनं किल्ली फिरवली. घर्रर्र घर्रर्र. सुरू होईना.

"बॅटरी," मामा ताबडतोब म्हणाला. मामानं पंचवीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली आहे. तिकिटं फाडताना इंजिन बाजूलाच असायचं, एवढ्यावर त्याचा इंजिनाचा अभ्यास झालेला आहे.

"मामा, बॅटरी गेली असती तं सेल्फ फिरला नसता," भोजराज म्हणाला.

"मंग डिझेलच्या लायनीत हवा धरली. पंप मार!"

भोजराजनं खाली उतरून इंजिनाच्या बाजूचा हातपंप दाबला. पंप दाबलेला वर येईना. डिझेल पुढं सरकतच नव्हतं.

"डिझेल तं संपलं नाही ना?" शकुननं विचारलं.

मी भडकलो. "काठोकाठ भरली म्या! काल! ह्या डोऱ्यानं पाह्यली!"

तरी भोजराजनं टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून आवाज झाला. त्यानं आत काडी बुडवून पाहिली, डिझेल अगदी वरपर्यंत होतं. झाकण लावलं, पुन्हा पंप मारला, किल्ली फिरवली. आणि सुरू!

"हवा!" मामा मांडीवर थाप मारून ओरडला. "सांगतलं नवतं म्या, हवा हाय म्हनून?"

पुढची पंधरा मिनिटं मामानं हवेवर भाषण दिलं. सोळाव्या मिनिटाला गाडी पुन्हा बंद पडली.

या वेळी मामा खिडकीबाहेर झाडं पाहू लागला. मायनं मात्र सूत्रं हाती घेतली. "नजर लागली. चार दिस झाले, सारं गाव येऊन येऊन पाहून रायलं होतं निळा रंग. लिंबू द्या कोनी."

लिंबू कुणाजवळच नव्हतं. शिदोरीच्या डब्यात लिंबाच्या लोणच्याची फोड होती. मायनं ती दोन बोटांत धरली आणि ट्रकला ओवाळायला निघाली! तेल गळतंय, मसाला गळतोय, आणि माय पुटपुटत माझ्या चार दिवसांच्या मेहनतीभोवती फेऱ्या मारतेय!

"माय वो! रंग खराब होऊन रायला!"

"तुया रंगानंच तं झालं हे सारं," माय म्हणाली. (रागाच्या भरात मला तेव्हा कळलं नाही की म्हातारी खऱ्या कारणाच्या किती जवळ गेली होती.)

मी खिशातला धुतलेला रुमाल काढून दारावरचे लोणच्याचे डाग पुसत होतो. तिकडे भोजराजनं गुपचूप टाकीचं झाकण उघडलं, फुस्स झालं, त्यानं आत पाहिलं, झाकण लावलं. पंप मारला. किल्ली फिरवली. सुरू!

मायनं फोड रस्त्याच्या पलीकडे फेकली आणि पदराला हात पुसत आत येऊन बसली. कुणाला काही म्हणायची सोयच उरली नव्हती.

तिसऱ्यांदा गाडी कोहमारा फाट्याच्या जरा अलीकडे मेली. घड्याळात अकरा वाजत आले होते. माझा पारा इतका चढला होता की मी उतरून चाकाला लाथ मारली. ट्रकचं चाक काय ते मला त्या दिवशी समजलं. पुढचा सगळा प्रवास मी उजवी चप्पल हातात घेऊन केला.

फाट्यावरून मिस्त्री बोलावून आणला. बल्लू मिस्त्री, बोलणं सगळं हिंदी. त्यानं बोनेटमध्ये डोकं घातलं आणि दहा मिनिटं काढलंच नाही.

"डीजल ऊपर चढ नहीं रहा," तो आतून म्हणाला.

"ते आमालेही समजते! काऊन चढत नाही ते सांग!"

"भैया, आप थोडा उधर छाँव में बैठो."

"मी नाही बसत! लगन आहे आमच्या भावाचं!"

"आज?" तो दचकून बाहेर आला. माझ्या हातातली चप्पल पाहून तो पुन्हा आत गेला. त्यानं फिल्टर काढला, डिझेलनं धुतला, उन्हात धरून पाहिला, फुंकला, पुन्हा बसवला. नळ्या सोडल्या, नळ्या आवळल्या. मी त्याला प्रत्येक नटाला सल्ला दिला. (नंतर भोजराजनं सांगितलं की मी नसतो तर ते काम अर्ध्या वेळात झालं असतं.) शेवटी तो म्हणाला, "टंकी में कचरा होगा. ढक्कन खोलो, देखता हूँ."

झाकण उघडलं. फुस्स! त्यानं आत टॉर्च मारली, कचरा नव्हता. पंप मारला, अर्ध्या किल्लीत इंजिन धडधडलं.

"हो गया. फिल्टर जाम था," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "और ये ढक्कन बार-बार मत खोलना. रास्ते की धूल अंदर जाती है."

बस्स! मला तेवढंच पाहिजे होतं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी अक्कलेचं बोललं होतं. हा भोजराज दर वेळी झाकण उघडतो, धूळ आत जाते आणि फिल्टर जाम होतो! मी झाकणाला कुलूप घातलं, त्याची किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली आणि केबिनमध्ये चढून जाहीर केलं, "आता कोनी टाकीले हात लावाचा नाही! जो लावन त्याचा हात मोडून टाकीन!"

गाडी निघाली. थोडं अंतर गेल्यावर भोजराज म्हणाला, "भाऊ, मी का म्हनतो..."

"तू गाडी चालव."

"तिन्ही खेपा झाकन उघडलं अन् मंगच गाडी सुरू झाली."

"तिन्ही खेपा मामानं तंबाखूही मळली! मंग तंबाखूनं सुरू झाली का?"

"का सांगता येते?" मामा विचारात पडून म्हणाला.

भोजराजनं गिअर बदलला. शकुननं खिडकीबाहेर तोंड वळवलं. ती हसत होती की काय कोण जाणे. साडेबारा वाजून गेले होते. तलाठी पोचला असेल का, एवढंच डोक्यात.

मुलीचं गाव दिसलं तेव्हा पाऊण वाजला होता. गावाच्या अलीकडे मोठा तलाव, भरलेला. रस्ता तलावाच्या पाळीवरून, जेमतेम एका ट्रकपुरता रुंद. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या. पलीकडच्या काठावर बाया कपडे धूत होत्या, त्यांच्यामागं कौलं दिसत होती. त्यातलं एक घर प्रणालीचं! माय पदर सावरू लागली. मामानं टोपी घातली. आणि पाळीच्या बरोब्बर मधोमध इंजिन ठसकलं.

एकदा. दोनदा. बंद.

त्यानंतर मी जे केलं ते मी सविस्तर सांगणार नाही. थोडक्यात सांगतो. मी पाळीवर उतरलो आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज काढला. मामाला म्हणालो की बापजन्मात कधी धड स्थळ आणलं नाही. मायला म्हणालो की लोणचं ओवाळणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी सापडणार नाही. मिस्त्रीच्या सात पिढ्या काढल्या. भोजराजला म्हणालो, "तू तोंडातून कधी शब्द काढत नाही म्हनून तुयं लगन होत नाही!" हे म्हणायला नको होतं. तो स्टेअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिला.

"हळू बोला वो," शकुन म्हणाली. "पान्यावरून आवाज जाते पल्ल्याड."

खरंच, पलीकडच्या बाया धुणं थांबवून उभ्या राहिल्या होत्या. मी हात उंच करून ओरडलो, "का पाहून रायल्या? कपडे धुवा!" एकीनं मुकाट्यानं पुन्हा धोपटायला सुरुवात केली.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. वळून पाहतो तर पांढरी कार. काच खाली करून डोळ्यांवर गॉगल लावलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, गाडी बाजूला घ्या."

"बाजूले कुठं घेऊ? तलावात?"

"आम्हाला गावात जायचंय. मुलगी पाहायचा कार्यक्रम आहे आमचा."

"अन् आमी का इथं मासोऱ्या धराले आलो?"

"नीट बोला हां तुम्ही!"

"नीटच बोलून रायलो! बिघडल्यावर कसा बोलतो ते पाह्याचं आहे का?"

मग शब्दानं शब्द वाढला. त्यांनी माझी अक्कल काढली, मी त्यांचा गॉगल काढला. (शब्दांनी!) मागच्या सीटवर एक गोरागोमटा मुलगा मान खाली घालून मोबाईल पाहत बसला होता, तो एकदाही वर पाहायला तयार नव्हता. शेवटी गृहस्थ म्हणाले, "ज्या गावात असले लोक येतात तिथं आम्हाला सोयरीकच नको!" आणि अख्ख्या पाळीवरून कार उलटी नेऊन निघून गेले.

"गेले तं गेले!" मी हात झटकले.

मामाचा चेहरा पडला होता. "अबे रामदास, तो तलाठी होता. मुलीचा बाप का म्हनन आता?"

तलाठी गेला याचं दुःख मला कशाला होईल! पण सरकारी नोकरीचं स्थळ वाटेतूनच हाकलून लावणाऱ्या माणसाच्या भावाला कोण मुलगी देईल? बरं, राग काढायला आता नवं माणूसही उरलं नव्हतं. तेव्हा मला दिसलं की पाळीच्या गावाकडच्या टोकावरून खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक लुकडासा म्हातारा सावकाश चालत येऊन आमच्याजवळ उभा राहिलाय आणि ट्रककडे पाहतोय.

"का पाह्यता?" मी खेकसलो. "कधी ट्रक नाही पाह्यला का?"

"पाह्यला जी," तो शांतपणे म्हणाला. "पन त्याच्या इंजिनापेक्षा त्याचा मानूस मोठ्यानं धडधडते, असा नवता पाह्यला."

मामानं टोपी काढली. "रामराम तुळशीरामजी," तो मेल्यासारखा म्हणाला.

तुळशीराम म्हणजे प्रणालीचा बाप! मी हातातली चप्पल पाठीमागं लपवली.

तुळशीरामजी माझ्याकडे न पाहता केबिनपाशी गेले. "काऊन बंद पडली बाबू?"

भोजराज खाली उतरला, पाया पडला आणि एका दमात आपली दिवसभराची शिल्लक वाक्यं बोलला. "सकायपासून चौथी खेप हाय. चालते, अन् पंधरा-वीस मिनिटानं मरते. झाकन उघडलं का फुस्स होते अन् सुरू होते. मले वाटते टाकीत हवा जात नाई. पन किल्ली भाऊजवळ हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. किल्ली करदोड्याला! करदोडा धोतराच्या आत! धोतरही नवं, कडक, आणि गाठ शकुननं मारलेली! तलावाच्या पाळीवर, भावाच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर, पलीकडच्या बायांच्या देखत मी ती किल्ली कशी काढली ते माझं मलाच माहीत. बाया पुन्हा धुणं सोडून उभ्या राहिल्या होत्या, पण या वेळी मी त्यांना काही म्हणालो नाही.

झाकण उघडलं. फुस्स! तुळशीरामजींनी झाकण हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, अंगठा फिरवला आणि मधोमध नखानं खरवडलं. निळा रंग निघाला. त्यांनी भोजराजकडून पकड मागून घेतली आणि ती खुंटी ओढून काढली.

"इथं भोक रायते, बाप्पा. डिझेल इंजिनाकडे गेलं का तेवढी हवा आत याले पायजे ना! नाही तं इंजिन ओढून ओढून थकते अन् बसते. माह्या ट्रॅक्टरचं असंच चिखलानं बुजलं होतं." त्यांनी खुंटी डोळ्याजवळ नेली. "पन हे चिखल नोहे. बाभूर हाय. तेलाची चिंधी हाय. तीन ठोके हाणले. हे आपल्याच मानसाचं काम होय! मिस्त्रीले असं जमतच नाही."

खोटं कशाला सांगू, क्षणभर माझी छाती फुगली.

"कोनं मारली ही?" त्यांनी विचारलं.

मामा पाण्याकडे पाहू लागला. माय आभाळाकडे पाहू लागली. मी तोंड उघडलं, पण दिवसभर न थांबलेलं माझं तोंड नेमकं तेव्हा कोरडं पडलं.

"म्या," भोजराज म्हणाला.

तुळशीरामजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना तो आवडला होता, ते दिसत होतं. "तू? गाडी तुई, पोट तुयं तिच्यावर, अन् तिचं नाक तू आपल्या हातानं बुजवलं?" त्यांनी मान हलवली. "आमची पोरगी हट्टानं म्हनते का धंदेवाला पायजे. पन ज्याले आपल्या धंद्याचंच समजत नाही..."

वाक्य पुरं न करता ते वळले आणि गावाकडे चालू लागले. पंधरावा नकार खांद्यावर दुपट्टा टाकून माझ्या डोळ्यांदेखत चालला होता, आणि भोजराज झाकण हातात धरून उभा होता. माझ्यासाठी! ज्यानं घटकाभरापूर्वी त्याला नको ते ऐकवलं होतं त्याच्यासाठी!

"अवो पाहुणे!" मी ओरडलो. "थांबा! खुंटी म्या मारली!"

ते थांबले.

"म्या मारली! ह्याच हातानं! तो नाही म्हनत होता, म्या आयकलं नाही! झाकन उघडा म्हने, म्या कुलूप लावलं! रस्ताभर तो सांगून रायला अन् रस्ताभर मी बोंबलून रायलो! त्या पोट्ट्याची काहीच चूक नाही! अन् तो तलाठीही म्याच हाकलला!"

हे सगळं पाण्यावरून पलीकडे गेलं. तिकडे कुणीतरी फिसकन हसलं.

"तलाठ्याचं आमी पाह्यलं," तुळशीरामजी परत येत म्हणाले. "आयकलं बी. साऱ्या गावानं आयकलं." मग भोजराजच्या हातातलं झाकण घेऊन त्यांनी स्वतः टाकीला लावलं. "चाल बाबू, पंप मार. पोहे थंडे होऊन रायले."

ट्रक सुरू झाला तो थेट त्यांच्या अंगणात जाऊन थांबला. वाटेत वळणावर डिझेल उडालं, माझ्या निळ्या रंगावरून ओघळ आला आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

पाय धुतले, पोहे आले, चहा आला. मामाचा कानमंत्र आठवून मी एक अक्षर बोललो नाही. प्रणाली येऊन बसली. चुणचुणीत पोरगी, मान वर करून बोलणारी. तुळशीरामजी म्हणाले, "विचार वो बाई, तुले का विचाराचं ते. मागून म्हनशीन विचारू नाही देल्लं."

मी मनात उत्तरं जुळवू लागलो. शेती किती, ट्रक कुणाच्या नावावर, मिलमध्ये किती फेऱ्या. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही. तिनं आधी भोजराजकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भोजराजला विचारलं, "भासरे तुमच्यातच रायतात का वेगळे?" (आमच्याकडे थोरल्या दिराला भासरा म्हणतात. म्हणजे मी!)

भोजराजनं खाली पाहिलं. बिचारा काय बोलेल! आमचं घर एक, चूल एक. मामानं माझ्याकडे पाहिलं. मायनं पाहिलं. शकुननं तर अशा आशेनं पाहिलं, जशी तिनं लग्नानंतर माझ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"आजपासून वेगळे," मी म्हणालो.

आणि चौदा ठिकाणी जे जमलं नव्हतं, ते लेकाचं माझ्या त्या दोन शब्दांवर तिथल्या तिथं जमलं!